आबांच्या कमरेचा विंचू

आमच्या घराण्यात आजवर एकाच व्याह्याला विंचू चावला आहे, आणि तो विंचू मी बनवला होता.

बनवला म्हणजे खरोखरच बनवला. सुरतेच्या लिंबायत भागातल्या आमच्या दोन खोल्यांत, पक्कड, कानस आणि हातोडी घेऊन, हक्काच्या सुट्ट्या वाया घालवून. त्याच्या पोटात स्प्रिंग होती, पाठीवर गजराचं घड्याळ होतं आणि पुढे नांगी होती. विंचू हे नाव नंतर गावाने दिलं. मी त्याला 'ऑटोमॅटिक कमरपट्टा' म्हणायचो, आणि त्याच्यापायी आपला फोटो पेपरात येणार असं मला मनापासून वाटत होतं.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. आम्ही मूळचे खानदेशातले, अमळनेरकडचे. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी सुरतेला येऊन लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले. मीही तिथेच वाढलो आणि एका खात्यात मास्तर झालो. (खातं म्हणजे लूमचा कारखाना. मास्तर म्हणजे शिकवणारा नव्हे. लूम अडला की ज्याच्या नावाने शिव्या सुरू होतात तो.)

लूमचं एक असतं. विणताना तार, म्हणजे धागा, तुटली की मशीन जागच्या जागी थांबलं पाहिजे, नाहीतर कापडाचा सत्यानाश. त्यासाठी एक खटका असतो. तो जितका हलका, तितका मास्तर मोठा. माझा खटका इतका हलका असायचा की माशी बसली तरी लूम बंद पडायचा. कारागीर कपाळावर हात मारायचे, पण शेठ कौतुकाने म्हणायचे, "रघुभाईनो खटको एटले खटको." हे वाक्य मी मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनाही ऐकवलं होतं. हा खटका तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवायला विसरलो.

तर आबांना साखरेचा आजार जडला. साधासुधा नव्हे, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागेल असा. आमच्या गल्लीतल्या दवाखान्याचा कंपाउंडर छगनभाई रोज सकाळी आठला सायकलवरून यायचा, काचेची सिरिंज आमच्याच स्टोव्हवर उकळायचा आणि आबांच्या पोटावर सुई द्यायचा. आबा दुखण्याला भीत नसत. त्यांचं भांडण सुईच्या तोंडाशी होतं. ती आपल्याकडे बघते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते भिंतीकडे तोंड करून छगनभाईला अहिराणीत शिव्या घालत. वर्षभरात छगनभाईला अहिराणी उत्तम यायला लागली, पण तेवढाच भाग.

आणि मी? खात्यात एकाचं बोट मशीनमध्ये अडकलं होतं, ते मी स्वतः सोडवलं, रक्ताने हात भरले तरी डगमगलो नाही. पण सिरिंज दिसली की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. छगनभाईच्या सायकलची घंटी वाजली की मला बाहेर हटकून काहीतरी काम निघायचं. हे फक्त माझ्या बायकोला, सुमनला, माहीत होतं. म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं, शकूचं, लग्न ठरलं. मुलगा गावाकडचा, चांगला शिकलेला. पण साखरपुड्याच्या ऐन आदल्या दिवशी आबा दवाखान्यात पडले. त्याचं असं झालं, की "उपास शे" म्हणून त्यांनी सलग दोन दिवस इंजेक्शनच टाळलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच्या आईला हाका मारायला लागले. आजी जाऊन तोपर्यंत वीस वर्षं झाली होती. त्यांना हातगाडीवर घालून आम्ही पळत सुटलो. वाचले, पण साखरपुडा त्यांच्यावाचून झाला.

मुलाचे वडील सखाराम आप्पा. शरीराने पैलवान, स्वभावाने नवरदेवापेक्षा नवरदेव. मुलीचा बापच साखरपुड्याला नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी निरोप धाडला: लग्नाच्या दिवशी मुलीच्या बापाने वेशीवर येऊन माझी गळाभेट घ्यावी. भेट झाल्याशिवाय मी अन्नपाणी घेणार नाही, आणि बाप आलाच नाही तर वऱ्हाड वेशीवरूनच परत.

आमच्याकडे व्याह्यांची भेट म्हणजे नुसता नमस्कार नसतो. दोन व्याही सगळ्या वऱ्हाडासमोर एकमेकांना कडकडून मिठी मारतात, आणि ज्याच्यात दम असेल तो दुसऱ्याला उचलून दाखवतो. लोक टाळ्या वाजवतात. दोन्ही बाजूंची अब्रू त्या एका मिठीत असते.

आता लग्न गावी. गावात दवाखाना नाही, कंपाउंडर नाही. डॉक्टर म्हणाले, "एक दिवससुद्धा चुकवायचं नाही. सुई देणारा माणूस बरोबर असेल तर जा, नाहीतर घरी बसा." छगनभाईला विचारलं. तो म्हणाला, "हुं लगनमां आवुं तो अहीं दरदीने सोय कोण मारे?" (सोय म्हणजे सुई.)

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून एवढंच म्हणाले, "एकुलती एक पोर शे. मी नही गऊ तं कन्यादान कोन करी?" आबा रागावले की मला काही वाटत नसे, ते रोजचंच होतं. पण त्यांचा आवाज असा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

सुमन भाकरी थापता थापता म्हणाली, "मी शिकी लेऊ का सुई देवानं? छगनभाई शिकाडी."

मी हसलो. "अगं, ते काय भाकरी उलथणं आहे? शास्त्र असतं त्याला."

सुमनने भाकरी उलथली आणि पुढे बोलली नाही. सुमन बोलायची थांबली की घाबरावं, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

मला मात्र कल्पना सुचली. लूम तुटलेली तार स्वतः ओळखतो आणि स्वतः थांबतो, मग इंजेक्शन स्वतः का बसू नये? माणसाची गरजच काय? (माझी तर नव्हतीच. मी पडलो असतो.) गजराच्या घड्याळाची एक गंमत असते: गजर वाजायला लागला की मागची चावी आपोआप उलटी फिरते. त्या चावीला दोरा बांधायचा. चावी फिरली की दोरा ओढला जाणार, दोऱ्याने खटका सुटणार, खटक्यामागची स्प्रिंग सिरिंज पुढे ढकलणार, सुई पोटात, आणि स्प्रिंगचा राहिलेला जोर औषध आत सोडणार. सगळं एका पावडरच्या डब्यात बसवून चामड्याच्या पट्ट्यावर कमरेला बांधायचं. आणि खटका अर्थातच माझ्या हातचा, माशी बसली तरी सुटेल असा!

पहिला प्रयोग भोपळ्यावर केला. सुई वाकली. दुसरा प्रयोग स्वतःवर. सिरिंजमध्ये नुसतं पाणी भरून मी पट्टा बांधला, गजर लावला आणि छाती काढून उभा राहिलो. पुढचं सुमनने सांगितलं ते असं, की गजर वाजायला अजून दोन मिनिटं होती तेव्हाच मी आडवा झालो होतो. तिने पट्टा सोडला, माझ्या तोंडावर पाणी मारलं आणि पट्टा पुन्हा भोपळ्याला बांधला. या वेळी सुई अशी बसली की भोपळा हादरला.

"बघ," मी अंथरुणातून म्हणालो, "चाललं की नाही?"

"भोपळाले चालनं," सुमन म्हणाली.

त्याच दिवसांत घरात आणखी एक विचित्र गोष्ट घडत होती, पण तिच्याकडे मी शोधकर्त्याच्या नजरेने पाहिलं नाही. रोज वांग्याचं भरीत व्हायचं आणि ते पाणचट लागायचं. एकदा मी चुलीपाशी ठेवलेलं वांगं हातात घेऊन पाहिलं, तर त्याला सगळीकडून बारीक बारीक भोकं. मी बाजारात जाऊन भाजीवालीशी भांडलो. "किडकी वांगी देतेस?" ती म्हणाली, "भाई, कीडा अंदरसे आता है, बाहेरसे नहीं." मला ते उत्तर अगदीच अडाणीपणाचं वाटलं.

गुरुवारी सकाळी छगनभाईने आबांना त्या दिवसाचं इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवसाचा डोस सिरिंजमध्ये भरून माझ्या पट्ट्यात बसवून दिला. लग्न शुक्रवारी. शनिवारी सकाळीच आम्ही परत, तेव्हा प्रश्न एकाच डोसाचा होता. पट्टा बघून तो म्हणाला, "रघुभाई, आ तो तोप छे." मग त्याने नेहमीचा नियम पुन्हा बजावला: सुईनंतर अर्ध्या तासात खायचं. नाही खाल्लं तर घाम, थरथर, मग चक्कर. तसं झालं तर गूळ, साखर, मिळेल ते गोड तोंडात कोंबायचं. मी मान हलवली. सुमनने उरलेली इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून छोट्या मडक्यात ठेवली.

"ते कशाला?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

स्टेशनवर पहिला घोटाळा झाला. पट्टा आबांनी कमरेला बांधला होता, वरून सैल सदरा. सदऱ्याखालून हे एवढं टेंगूळ आणि त्यातून टिकटिक. गुजरातेत दारूबंदी. फलाटावरच्या पोलिसाची नजर बरोबर टेंगळावर गेली.

"ए काका, कमरे शुं बांध्युं छे?"

"औषध," आबा म्हणाले.

"बद्धा एम ज कहे छे," पोलीस म्हणाला. सगळे असंच म्हणतात. त्याने सदरा वर करायला लावला. आत पावडरचा डबा, त्यात काचेची नळी, नळीत पाणी, आणि वर घड्याळ. पोलिसाने वाकून डब्याला कान लावला. शेवटी माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, "दारू तो लोग महाराष्ट्र से इधर लाते हैं. तुम लोग उधर लेके जा रहे हो? वो भी टाइम लगा के?"

मी त्याला चावी, दोरा, खटका, सगळं तंत्र समजावून सांगायला लागलो. शोध लावणाऱ्याला श्रोता मिळाला की भान राहत नाही. गाडीची शिट्टी झाली तरी मी स्प्रिंगवरच होतो. शेवटी पोलिसानेच हात जोडले आणि आम्हाला डब्यात ढकललं.

तापीकाठच्या त्या लाइनवर गाडी तेव्हा फार हिसके द्यायची. प्रत्येक हिसक्याला आबा पोट आत ओढून घ्यायचे. नंदुरबार येईपर्यंत त्यांनी श्वासच घेतला नाही म्हणा ना. "ती सुई मनाकडे तोंड करी बठेल शे," ते म्हणाले. मी म्हटलं, "आबा, रात्री नऊपर्यंत गजराची कळ दाबलेलीच ठेवा, तो उद्या सकाळी आठचा आहे. तोपर्यंत सुई हलत नाही." ते पट्ट्याच्या बकलाशी चाळा करत राहिले.

गावी पोहोचलो. शुक्रवार उजाडला. ठरलं होतं ते असं: वऱ्हाड दहाला येणार. आठला गजर, आठला इंजेक्शन, लगेच न्याहारी, मग दहाला वेशीवर भेट. वेळापत्रकात काडीची चूक नव्हती. चूक होती वऱ्हाडात. ते साडेसातलाच आलं.

सखाराम आप्पा बैलगाडीतून उतरले ते मुळी छाती पुढे काढूनच. आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, हे वऱ्हाडातल्या तिघांनी आम्हाला वेगवेगळं सांगितलं. बँडवाल्यांनी सूर धरला. आबांना लोकांनी पुढे केलं. मी मागून ओरडत होतो, "आबा, पट्टा! आधी पट्टा सोडा!" पण बँडपुढे माझं कोण ऐकतो? आणि खरं सांगायचं तर मलाही फारशी काळजी वाटली नाही. वाटलं, खटका सुटलाच तर सुई आबांनाच बसेल, अर्धा तास आधी. बिघडलं कुठे?

बिघडलं ते असं, की सुई आबांकडे तोंड करून नव्हती. आदल्या दिवशी नंदुरबारच्या पुढे, मी पेंगत असताना, आबांनी पट्टा सोडून उलटा बांधला होता. आठच्या आधी रघू येईल आणि सुलटा करील, असा त्यांचा हिशोब. तोपर्यंत सुईने जगाकडे बघावं, आपल्याकडे नको.

दोन्ही व्याही समोरासमोर आले. आप्पांनी हात पसरले. आबांनी डोळे मिटले (लोकांना वाटलं, भावनेने). आप्पांनी आबांना कडकडून मिठी मारली आणि एका दमात वर उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत एक बारीक 'खट्' आवाज झाला. तो फक्त मला ऐकू आला. खटका माझ्या हातचा होता, मी त्याचा आवाज हजारांत ओळखीन.

माझं यंत्र आयुष्यात एकदाच बिनचूक चाललं, ते त्या क्षणी. धोतर, सदरा, सगळं भेदून सुई आत गेली, औषध थेंबन् थेंब उतरलं.

"माले इच्चू चावना!" आप्पा ओरडले आणि त्यांनी आबांना खाली टाकलं.

मग जे झालं ते विचारू नका. बँड थांबला. बायकांनी पोरं उचलली. आप्पांना उचलून मांडवात आणून बाजेवर निजवलं. चौघे त्यांचं धोतर झटकत होते, दहाजण मांडवात काठ्या आपटत विंचू शोधत होते, आणि एकाने तर मारलाही. (ती सुतळी होती.) पोटावर दंशाची खूण सापडली, बारीक, लाल, अगदी विंचवासारखी. कुणीतरी शेजारच्या गावी विंचू उतरवणाऱ्या भगताला आणायला सायकलवर गेलं. तो येईपर्यंत रोग्याच्या तोंडात काही घालायचं नाही, असा गावचा नियम.

इथे छगनभाईचा नियम मला आठवला. हा माणूस आदल्या दिवसापासून उपाशी, त्याला साखरेचा आजार नाही, आणि आबांचा अख्खा डोस त्याच्या अंगात. वर तोंडात काही घालायची बंदी.

मी आबांना बाजूला ओढलं. "आबा, विंचू नाही तो. आपला पट्टा आहे."

"माले माहित शे," आबा म्हणाले. "मी उलटा बांधेल व्हता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगू? याहीले सुई टोचीसन पोरनं लगन मोडू?"

त्यांचंही बरोबर होतं. बोललो तर लग्न मोडणार, नाही बोललो तर व्याही जाणार. समोर मंडपाच्या दाराशी हळदीच्या अंगाने शकू उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आपण लहानपणापासून हिची एकही गोष्ट धड दुरुस्त करून दिली नाही. बाहुलीचा मोडलेला हात बसवून दिला, तोही उलटा. आणि आता हे.

पुढची दहावीस मिनिटं मी काय केलं? काही नाही. आप्पांच्या बाजेभोवती फेऱ्या मारल्या. आधी त्यांच्या कपाळावर घाम आला. मग हात थरथरायला लागले. लोक म्हणाले, "जहर चढी ऱ्हायनं." आप्पा पुटपुटले, "भूक लागी ऱ्हायनी रे," तर सगळे म्हणाले, "इच्चूनं जहर भूकबी लावस." असं कोणत्या शास्त्रात आहे, देव जाणे.

आणि बरोबर आठ वाजता आबांच्या पोटातून घंटा वाजायला लागली.

घड्याळाला काय ठाऊक, की काम आधीच उरकलं आहे. ते इमानदारीत वाजत राहिलं. सगळं वऱ्हाड आबांच्या सदऱ्याकडे वळलं. आबा दोन्ही हातांनी पोट दाबत होते. जितकं दाबावं तितका आवाज घुमत होता. बाजेवरून आप्पांनी मान उचलली आणि क्षीण आवाजात विचारलं, "याही, तुमना पोटमा घंटी कशी वाजस?"

मी पुढे झालो आणि सगळं सांगून टाकलं. चावी, दोरा, खटका, सुई. हात जोडून सांगितलं, "आप्पा, विंचू नाही. चूक माझी आहे. मला काय मारायचं ते नंतर मारा, पण आधी गोड खा. नाहीतर तुम्हाला चक्कर येईल आणि मग काय होईल ते मला बोलवत नाही."

कुणी हललं नाही. त्यांना वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला. तेवढ्यात गर्दीतून सुमन आली. हातात बुंदीची परात. तिने पदर खोचला, आप्पांच्या उशाशी बसली आणि मूठभर बुंदी थेट त्यांच्या तोंडात कोंबली. सुनेच्या वयाच्या बाईने व्याह्याच्या तोंडात घास घातलेला त्या गावाने पहिल्यांदाच पाहिला. आप्पा काही बोलणार होते, तर दुसरी मूठ.

"खाई ल्या आप्पा," ती म्हणाली. "राग मंग करा."

आप्पांनी खाल्लं. मग स्वतःच्या हाताने खाल्लं. मग परात जवळ ओढली. "आनखी लया," ते म्हणाले. पंधरा-वीस मिनिटांत थरथर थांबली, घाम वाळला. अन्नपाण्याला न शिवण्याची प्रतिज्ञा केलेला तो माणूस मुलीच्या मांडवात बसून बुंदीच्या दोन पराती संपवत होता. दोन्हीकडच्यांच्या जिवात तेव्हा कुठे जीव आला. तासभर सुमन तिथून हलली नाही, मधून मधून त्यांना लाडू देत राहिली. भगत आला तेव्हा आप्पा तिसऱ्या लाडवावर होते. भगत म्हणाला, "जहर उतरनं," आणि मानाचा नारळ घेऊन निघून गेला.

आप्पांनी ढेकर दिली. मला जवळ बोलावलं. मी गाल पुढे करूनच गेलो. ते म्हणाले, "बापले लगनमा आनासाठे इतलं करं तू?"

"हो आप्पा."

त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा घड्याळ हातात घेऊन खाली मान घालून बसले होते. आप्पा म्हणाले, "मना पोऱ्या मनासाठे पंखाबी फिरावत नही." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भेट व्हयनी. लगन लावा." मला त्या क्षणी रडू आलं. विंचू चावूनही एवढं मन ठेवणारा व्याही मी दुसरा पाहिलेला नाही.

आता राहिले आबा. त्यांचा डोस व्याह्याच्या अंगात गेलेला, न्याहारी ताटकळलेली, आणि कन्यादान तोंडावर. मी पुन्हा कपाळाला हात लावला.

सुमनने मडक्यातून बाटली काढली. ट्रंकेतून कापडात गुंडाळलेली दुसरी सिरिंज काढली. चुलीवर पाणी ठेवलं, सिरिंज उकळली, औषध भरलं, नळी उभी धरून बोटाने टिचकी मारली. सगळं छगनभाईसारखं. आबांनी सवयीने भिंतीकडे तोंड केलं आणि शिवी देण्यासाठी श्वास घेतला.

"व्हई गयं आबा," सुमन म्हणाली.

आबांनी वळून पाहिलं. शिवी तोंडातच राहिली.

"हे... हे कधी शिकलीस?" मी विचारलं. मी खांबाला धरून उभा होतो. सुई दिसली होती ना.

"पंधरा दिवस व्हयनात. छगनभाईनी शिकाडं. वांगावर."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही इचारं का?" ती म्हणाली. "तुम्ही तं भाजीवालीले इचारं."

आबांनी न्याहारी केली, मग कन्यादान केलं. शकूचा हात नवरदेवाच्या हातात देताना त्यांचे हात थरथरत होते. मी पटकन सुमनकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "ते साखरनं नही." पुढे आबा बरीच वर्षं जगले आणि रोजची सुई सुमनच्याच हातून घेतली. छगनभाईला म्हणे त्या शिव्यांची फार आठवण यायची.

पट्टा मोडून खात्यातून आणलेले त्याचे सुटे भाग मी परत नेले. पण बातमी माझ्या आधी पोहोचली होती. तेव्हापासून आमच्या नात्यात मला कुणी मिठी मारत नाही. भाऊबंद चार हातांवरून रामराम करतात. माझ्या मुलाच्या लग्नात वेशीवर भेट झाली, तेव्हा नव्या व्याह्यांनी आधी माझी कंबर दोन्ही हातांनी चाचपून पाहिली आणि मग विचार बदलून लांबूनच हात जोडले.

आता मलाही साखर झाली आहे. सुई सुमनच देते. मी भिंतीकडे तोंड करतो. मध्यंतरी नातीने मला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाटलीच्या झाकणाएवढी एक चकती दाखवली. पोटावर चिकटवायची, आत इन्सुलिन, आणि ती वेळच्या वेळी आपोआप देत राहते. ना घड्याळ, ना दोरा. मी ती उलटीसुलटी करून पाहिली. खटका कुठे दिसेना.

"डॉक्टर," मी विचारलं, "हे लावलेलं असताना कुणी कडकडून मिठी मारली तर?"

"काही होणार नाही आजोबा."

"साहेब, त्यानी काळजी करू नका," सुमन मागून म्हणाली. "पन्नास वरीस व्हई गयात. यास्ले कोनी मिठी मारस नही."

चकती लावून वर्ष झालं. अजून एकदाही ती चुकून दुसऱ्या कुणाला टोचलेली नाही. हे श्रेय यंत्राचं की नातेवाइकांचं, ते मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.